बाईंच्या उरलेल्या फ्रेम्स

आमच्या शाळेच्या जुन्या अल्बममध्ये स्वातंत्र्यदिनाच्या पानावर एक मुंगूस आहे. ध्वजवंदन, संचलन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ आणि शेजारी त्याच आकाराचं, चार कोपऱ्यांत तसंच नीट अडकवलेलं मुंगूस. शिक्षकदिनाच्या पानावर धनेशाची जोडी आहे. पालकसभेच्या पानावर नुसता डोंगर.

नव्याने आलेले शिक्षक हे बघून गोंधळत. कारण साधं होतं. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई काढत. त्यांची एकच अट होती : रोल शाळेचा, पण कार्यक्रम झाल्यावर त्यात जेवढ्या फ्रेम्स उरतील तेवढ्या बाईंच्या. छत्तीस फोटोंचा रोल अर्धवट धुवायला द्यायचा म्हणजे बाकीचा वाया. तो संपवायचा तर बाई डोंगरावर जाऊन संपवत. स्टुडिओवाला सगळेच फोटो छापून पाठवी आणि आमचे क्लार्क आलेला प्रत्येक फोटो क्रमांकाप्रमाणे अल्बममध्ये लावत. "शाळेच्या रोलवर आलाय ना? मग शाळेचाच," असं त्यांचं म्हणणं. मुंगुसाखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात "स्वातंत्र्यदिन (पुढे चालू)" असं लिहून ठेवलं होतं.

शाळा मुलुंडला, पश्चिमेला. वर्गांच्या मागच्या खिडक्यांतून डोंगराची रांग दिसायची आणि संध्याकाळी सूर्य तिच्याच मागे जायचा. मी तिथे लागले ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला. माझं वय तेवीस. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आमच्या घरात आणि आमच्या गल्लीतही पदवी घेतलेली मी पहिली. भांडुपला मावशीच्या खोलीत राहायचे आणि दोन वर्षांच्या प्रोबेशनवर नोकरी करायचे. मला ती नोकरी म्हणजे कुणीतरी ओंजळीत घातलेला प्रसाद वाटायची. मी सगळ्यांचे आभार मानायचे. मुख्याध्यापकांचे, क्लार्कचे, घंटा देणाऱ्या शिपायाचेसुद्धा.

बाईंची आणि माझी पहिली भेट ओळखपत्राच्या फोटोसाठी झाली. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला.

"हसू नकोस."

मी तोंड मिटलं.

"अजून हसतेयस. डोळ्यांनी."

"चुकलं, बाई."

"चुकलं काय त्यात? हे ओळखपत्र आहे. यात तू कोण आहेस ते दिसायला पाहिजे. तू नोकरी मागायला आलेली दिसतेयस. नोकरी लागली ना तुला?"

"हो बाई. मी खूप आभारी आहे."

"परीक्षा तू दिलीस, पास तू झालीस आणि आभार कोणाचे? सरळ बघ!"

त्या फोटोत मी इतकी रागीट दिसते की मावशी म्हणाली, पोलिसात लागलीस का?

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. मूळच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. अंगाने सडसडीत, आवाज मैदानापलीकडे ऐकू जाईल असा. साडी नीटनेटकी, पण पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट, मुलं पीटीला घालतात तसले. लग्न केलं नव्हतं. घरच्यांनी लग्नासाठी केलेल्या पाटल्या मोडून त्यांनी कॅमेरा घेतला होता आणि हे त्या कुणालाही, न विचारता, सांगत. "पाटल्यांतून काय दिसतं? बाईचे हात. यातून बघा." तो कॅमेरा त्या स्टीलच्या डब्यात ठेवत. हवेच्या ओलीने भिंगाला बुरशी लागू नये म्हणून डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असे. स्टाफरूममध्ये त्यांचे दोन डबे शेजारी शेजारी असत, एकात कॅमेरा, दुसऱ्यात मासळी.

त्या दुसऱ्या डब्यामुळे स्टाफरूममध्ये एक बाईंचं टेबल होतं आणि एक बाकीच्यांचं. बाईंचा डबा वार बघत नसे. सोमवार असो, गुरुवार असो, श्रावण असो, बोंबील किंवा सुकट असायचीच. एकदा मराठीच्या बाईंनी नाकाला पदर लावून म्हटलं, "निदान चतुर्थीला तरी पाळा हो."

"माझ्या आईने चतुर्थीलासुद्धा मासळीची पाटी डोक्यावर घेतली, म्हणून मी शिकले," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतोय तो वास माझ्या शाळेच्या फीचा आहे."

माझा डबा उचलून बाईंच्या टेबलावर जावं असं मला फार वाटलं. मी गेले नाही. मी प्रोबेशनवर होते.

उजेडाबद्दल त्या मासळीबद्दल बोलावं तसं बोलत. "आज माल ताजा आलाय," असं खिडकीतून बघत म्हणायच्या. ढगाळ दिवस म्हणजे "बर्फातला माल". माल चांगला असला आणि रोलमध्ये फ्रेम्स शिल्लक असल्या, की शेवटची घंटा झाल्या झाल्या त्या कॅमेऱ्याचा डबा कापडी पिशवीत टाकून कॉलनीच्या मागच्या पायवाटेने डोंगर चढू लागत. आधी ठरवलेलं काही नसे. पालक भेटायला आले असले तर त्यांनाही सांगत, "उद्या या. तुमचा मुलगा उद्याही असेल."

एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हा बाई सहावीला 'सजीव सृष्टी' शिकवत होत्या. अधिकारी मागच्या बाकावर बसले. पाच मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की सगळा वर्ग फळ्याकडे पाठ करून खिडकीकडे बघतोय. "बाई, पाठ कुठे चाललाय?" त्यांनी विचारलं. बाईंनी बोट दाखवलं. डोंगराच्या कड्यावर एक घार घिरट्या घालत होती. "पाठ वर आहे," बाई म्हणाल्या. "खाली येईल तेव्हा फळ्यावर लिहीन." अधिकाऱ्यांनी काय शेरा दिला ते मला माहीत नाही. बाईंनी तो वाचलाच नाही, एवढं माहीत आहे.

माझ्या प्रोबेशनचं दुसरं वर्ष चालू होतं. एप्रिलमध्ये ते संपायचं होतं आणि त्याआधी मुख्याध्यापकांचा गोपनीय अहवाल संस्थेकडे जायचा होता. त्यावर अध्यक्षांची सही झाली की मी कायम. वडिलांनी शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेल्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असे, "साहेब लोकांच्या शब्दाबाहेर जाऊ नको, एवढी सही होऊ दे." धाकट्या भावाचं कॉलेज त्या सहीवर अडलं होतं.

आणि जानेवारीत स्नेहसंमेलन आलं.

दुपारभर मुलांची नाचगाणी झाली. माझ्याकडे मुलींना सजवायचं काम होतं, ते चारलाच संपलं. बाईंनी नाचांचे पंचवीस फोटो काढले आणि अकरा फ्रेम्स बक्षीस समारंभासाठी राखल्या. अध्यक्षांच्या हस्ते बक्षिसं होती. अध्यक्ष पाऊण तास उशिरा आले, हार घालून घेतला आणि पावणेपाचला बोलायला उभे राहिले. ते नेहमी स्वतःच्या बालपणापासून सुरुवात करत.

मी आणि बाई मांडवाच्या कडेला उभ्या होतो. थंडीमुळे हवा इतकी स्वच्छ होती की डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं.

"किती वाजले गं?" बाईंनी विचारलं.

"पाच."

"पाच वाजले आणि हे अजून तिसरीत आहेत. नोकरीला लागेपर्यंत अंधार पडेल." त्यांनी डोंगराकडे बघितलं. "असा माल वर्षातून दोनदा येतो. आणि मी इथे उभी राहून माशा मारतेय."

"बाई, पण बक्षिसं?"

"दोन फ्रेम्स ठेवते ना त्यांच्यासाठी. नऊ माझ्या. जाऊन येईपर्यंत भाषणच चालू असेल, बघ तू." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "येतेस का? नको असेल तर नको."

पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांचं टक्कल दिसत होतं. मुलुंडला येऊन मला दीड वर्षावर झालं होतं आणि तो डोंगर मी फक्त खिडकीतून पाहिला होता. बाईंनी मला हुकूम केला नव्हता. नुसतं विचारलं होतं. मी चपला हातात घेतल्या, खुर्च्यांच्या मागून वाकून बाहेर पडले आणि फाटकाबाहेर आल्यावर चपला घातल्या.

डोंगर चढायला आम्हाला पाऊण तास लागला. बाई पुढे, मी मागे, निऱ्या खोचून, धापा टाकत. वर पोचलो आणि पलीकडे एकदम पाणी दिसलं. तलाव, त्याच्याभोवती नुसतं जंगल, एकही इमारत नाही. मागे वळून पाहिलं तर खाली मुलुंड, कारखान्यांची धुरांडी, आमचा रंगीत मांडव काडेपेटीएवढा. कर्ण्याचा आवाज तुटक तुटक येत होता. बाईंनी फोटो काढले. पिवळं पडलेलं गवत, पाण्यावरची लाल पट्टी, वाळक्या झाडावर बसलेला एक भलामोठा गरुड. प्रत्येक फोटोआधी त्या इतका वेळ घेत की मला वाटे, आता सूर्यच कंटाळून जाईल. नऊ फ्रेम्स संपल्या.

उतरायच्या आधी बाई खडकावर बसल्या. बुटातून आरपार काटा गेला होता. कॅमेरा माझ्या हातात देऊन त्या सेफ्टी पिनने काटा काढू लागल्या. सूर्य अजून दोन बोटं वर होता, माझ्या पाठीशी. मी बाईंकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या मागे, तीस-चाळीस पावलांवर, सपाट कातळावर काहीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"बाई," मी कुजबुजले. "मागे."

बाईंनी मान वळवली नाही. "काय आहे?"

"वाघ."

"पट्टे का ठिपके?"

"ठिपके."

"मग बिबट्या. हलू नकोस. डोळ्याला लाव आणि दाब."

"बाई, दोनच उरल्यात. अध्यक्षांच्या आहेत."

"अगं दाब!"

मी दाबलं. त्या आवाजाने त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, घाई अशी नाहीच, आणि कातळावरून पलीकडे उतरून गेला. बाईंनी तेवढ्यात काटा काढून हातावर ठेवला होता. "तू काढलास," त्या म्हणाल्या. "मी वीस वर्षं येतेय इथे. मला एकदाही दिसला नाही. आजही नाही दिसला."

आम्ही खाली आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मैदानात शुकशुकाट. मांडववाले खुर्च्या रचत होते. शिपायाने सांगितलं, अध्यक्षांना दुसरा कार्यक्रम होता, त्यांनी भाषण एकदम आटोपतं घेतलं. बक्षिसं देताना ते प्रत्येक मुलाचा हात धरून समोर बघत थांबायचे, पण समोर कॅमेराच नव्हता. शेवटी ते चिडून गेले. व्यासपीठावर त्यांची मखमलीची खुर्ची तेवढी शिल्लक होती आणि तिच्या हातावर काढून टाकलेला हार. बाईंनी फ्लॅश लावला आणि छत्तिसावी फ्रेम त्या खुर्चीवर संपवली.

"बाई, हे कशाला?" मी घाबरून विचारलं.

"ही त्यांची फ्रेम होती. मी शब्द दिला होता."

पुढच्या आठवड्यात बाईंना मेमो आला. कार्यक्रम सोडून विनापरवानगी का गेलात, याचा लेखी खुलासा आणि अध्यक्षांची लेखी माफी. बाईंनी मधल्या सुट्टीत, बोंबील खाता खाता, एका ओळीत खुलासा लिहिला : "सूर्य मावळत होता." माफीची जागा कोरी सोडली.

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन नेमकी दाराशी होते. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांत निवृत्त व्हायचा होता, आणि ते शांतपणे व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"बाई, हे उत्तर आहे का?"

"तुम्ही विचारलंत का गेलात. त्याचं आहे."

"आणि माफी?"

"मी खेद वाटला तर मागते. वाटला की कळवीन."

त्यांनी टेबलावर फोटो पसरले. स्टुडिओतून पाकीट आलं होतं. पस्तिसावा फोटो त्यांनी उचलून डोळ्यांजवळ नेला. तो मी नंतर कितीतरी वेळा पाहिलाय. मधोमध बाई खडकावर बसलेल्या, एका हातात सेफ्टी पिन, कॅमेऱ्याकडे बघून ओरडतायत. वीस वर्षं शाळेचे फोटो काढून अल्बममध्ये बाईंचा हा एकमेव फोटो. त्यांच्या मागे कातळावर एक पिवळसर फराटा.

"हा कुत्रा का?"

"बिबट्या."

"असेल. पण यात तर तुम्ही आहात. मग हा काढला कुणी?"

"सेल्फ टायमर. कॅमेरा दगडावर ठेवला, बटण दाबलं आणि येऊन बसले."

"आणि बिबट्या तेवढा वेळ थांबला?"

"शिस्तीचा होता."

मुख्याध्यापकांनी फोटो टेबलावर ठेवला आणि खालच्या बाजूला बोट टेकवलं. मी दारातून पाहिलं आणि माझ्या हातातल्या वह्या घसरल्या. फोटोच्या खालच्या कडेपासून थेट बाईंच्या मांडीपर्यंत एक लांबलचक सावली पडली होती. साडी नेसलेली, बारीक, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली सावली.

"आणि ही सावली कुणाची?"

"डोंगराची," बाई म्हणाल्या.

"डोंगराला वेणी असते?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण टेबलाखाली त्यांनी हाताचा पंजा माझ्या दिशेने आडवा धरला. गप्प राहा. वर्गात दंगा झाला की त्या असाच पंजा धरत.

मी गप्प राहिले. त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. मावशी म्हणाली, "तुझं नाव कोणी घेतलंय का? नाही ना? मग गप जेव." खरंच कुणी घेतलं नव्हतं. शाळेत वेणीवाल्या शिक्षिका सात होत्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला एकटीला बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता. "समाधानकारक" लिहिलेलं मला उलटं वाचता आलं.

"बसा. तुम्ही होतात, हे मला ठाऊक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही कष्टाने वर आलाय. वडील हमाली करतात ना? एका मूर्खपणासाठी यावर पाणी सोडू नका. दोन ओळी लिहून द्या. बाईंनी ज्येष्ठ म्हणून हुकूम केला, तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. तुमचं प्रकरण इथेच मिटेल. बाईंचं काय ते संस्था बघेल."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं, हे मी आजही मानते. मी तोंड उघडलं ते त्यांचे आभार मानायला. सवयच होती. मग मला दिसलं, मला लिहायला सांगितलेल्या दोन ओळींत मी कुठे नव्हतेच. कुणीतरी पाठवली आणि गेली, अशी एक मुलगी होती. आणि त्या डोंगरावर तर मी होते.

मी लिहिलं : "मला कुणी हुकूम केला नव्हता. मी माझ्या इच्छेने गेले. पस्तीस नंबरचा फोटो मी काढला आहे. त्यात बिबट्या आहे, कुत्रा नाही." खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मुख्याध्यापकांनी वाचलं. बराच वेळ चष्मा पुसला. "हे वाचून अध्यक्ष सही करणार नाहीत."

"मला माहीत आहे, सर."

"वर्ष जाईल तुमचं. कदाचित नोकरीही."

"हो, सर."

पुढचं सांगून टाकते. नोकरी गेली नाही, पण अहवाल परत आला. मला पुन्हा एक वर्ष तात्पुरतं ठेवलं आणि भाऊ ते वर्ष वडिलांबरोबर जिनिंगमध्ये गेला. त्याने मला ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच विसरत नाही. बाईंची त्या सालची वेतनवाढ रोखली. माफी त्यांनी शेवटपर्यंत लिहिली नाही.

पण मला आठवते ती त्याच दुपारची पडवी. मी मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर आले तर बाई खांबाला टेकून उभ्या होत्या, तास सोडून.

"काय लिहिलंस?"

"मी गेले होते. माझी मी."

"आणि?"

"आणि फोटो मी काढला."

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच मला लहान वाटला. मग एकदम वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाल्या, "सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलं की सावली पुढे पडते. सहावीच्या पुस्तकात आहे. बी.एड.ला शिकवत नाहीत वाटतं?"

"आता कळलं."

"पुढच्या वेळी जरा बाजूला उभी राहा."

मुख्याध्यापकांचं दार उघडंच होतं. आत त्यांचं पेन थांबल्याचं मला दिसत होतं. मी आवाज खाली आणला नाही.

"कधी जायचं, बाई?"